तुतवार की चिखल्या: चोचीने चाचपणारे आणि नजरेने हेरणारे

ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर दुर्बीण लावली की वरून करडे-तपकिरी आणि पोटाला पांढरे असे पन्नासएक पक्षी एकदम नजरेत येतात, आणि नव्या निरीक्षकाचा धीर तिथेच सुटतो. यांतले बहुतेक पक्षी दोन कुळांतले असतात. एक कुळ तुतवारांचे. टिलवे, पाणलावे, पाणटिवळे आणि लांब बाकदार चोचीचा कोरल हे सगळे त्यातच मोडतात. दुसरे कुळ चिखल्यांचे. सर्वांच्या ओळखीची टिटवी त्यातलीच. ओळखीची पुस्तके बहुधा रंगापासून सुरुवात करतात आणि माझ्या मते गोंधळ तिथूनच सुरू होतो. विणीच्या हंगामात हे पक्षी तांबूस, काळ्या, सोनेरी पिसांनी नटतात हे खरे. परंतु हिवाळी पिसाऱ्यात दोन्ही कुळे जवळजवळ सारखीच फिकी दिसतात. म्हणून रंग बाजूला ठेवून पक्षी भक्ष्य कसे शोधतो तेवढेच पाहावे.

एका चिखल्यावर पाच मिनिटे नजर ठेवली तरी पुरे. तो चार-सहा पावले लगबगीने धावतो आणि एकदम थबकतो. मान ताठ, अंग स्तब्ध. क्षणभर काहीच घडत नाही. मग तो पुढे झुकतो, चिखलाच्या पृष्ठभागावरून काहीतरी टिपतो आणि पुन्हा धावतो. धावणे, थबकणे, टिपणे हा ताल कधी मोडत नाही, कारण त्याची शिकार डोळ्यांवर चालते. वाळूतून डोकावलेल्या किड्याची किंचित हालचाल स्वतः धावत असताना दिसणे अवघड असते. थांबल्यावर ती दिसते. डोक्याच्या मानाने मोठे डोळे, वाटोळे डोके आणि आखूड, टोकाजवळ किंचित फुगीर चोच ही चिखल्याची ठेवण या एका सवयीशी जुळणारी आहे. मंद प्रकाशातही त्याचे डोळे उत्तम काम देतात, त्यामुळे चिखल्ये रात्रीही भक्ष्य शोधत फिरतात. काही जातींचे पक्षी एक पाय पुढे करून तो ओल्या मातीवर भराभर थरथरवतात. त्या कंपाने खालचे जीव हलतात आणि हलले की दिसतात.

तुतवाराची चाल अगदी वेगळी असते. मान खाली, पावले सलग, आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात वर-खाली. भक्ष्य दिसण्याची तो वाटच पाहत नाही, कारण ते बहुधा चिखलाच्या आत असते. चिखल्या हे नाव खरे तर यालाच अधिक शोभले असते, पण नावे ठेवताना पक्ष्यांना कोणी विचारत नाही. त्याच्या चोचीचे टोक हे स्पर्शाचे इंद्रिय आहे: टोकाजवळच्या हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणारे चेतापेशींचे पुंजके दाटीने बसलेले असतात. शिवाय यांपैकी अनेक पक्षी बाकीची चोच मिटलेली ठेवून वरच्या चोचीचे फक्त टोक उचलू शकतात. त्यामुळे बोटभर खोल चिखलात रुतलेल्या चोचीलाही किडा चिमटीत पकडता येतो.

या स्पर्शज्ञानाचा सर्वांत चकित करणारा नमुना रेड नॉट या तुतवारकुळातील पक्ष्यात सापडला. डच संशोधक थ्युनिस पियर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिले की ओल्या वाळूत गाडलेले शिंपले हा पक्षी त्यांना चोच प्रत्यक्ष न लागताही ओळखतो. चोच वाळूत खुपसली की वाळूच्या कणांमधले पाणी दाबले जाते. वाटेत कठीण वस्तू असेल तर त्या दाबाची मांडणी बदलते आणि तो बदल चोचीच्या टोकाला कळतो. पक्षी एकदा खुपसून थांबत नाही, तर भराभर खुपसत राहतो, ते याचसाठी. अर्थात वाळूत पाणी नसेल तर ही युक्ती निरुपयोगी ठरते, आणि हे पक्षी ओहोटीच्या काठाला का चिकटून राहतात याचे एक उत्तर त्यात आहे.

थवा किती दाट आहे याचाही उलगडा येथेच होतो. चिखल्ये खाताना एकमेकांपासून अंतर राखून पांगतात, कारण शेजाऱ्याच्या पावलांनी बावरलेला किडा बिळात गेला की नजरेने शिकार करणाऱ्याचे नुकसान होते. चिखलाच्या आत चाचपणाऱ्या टिलव्यांना आणि नॉटना त्याची फारशी फिकीर नसते, म्हणून ते खांद्याला खांदा लावून चरतात. तुतवारकुळातलाच लाल पायांचा रेडशँक तर दोन्ही रीती पाळतो: दिवसा नजरेने टिपताना तो पांगतो आणि रात्री स्पर्शाने शोधताना जवळ येतो.

या नियमांना अपवाद आहेत, आणि ते मुद्दाम फसवण्यासाठीच ठेवल्यासारखे वाटतात. तुतवाराला पायामागे लहानसे चौथे बोट असते आणि चिखल्याला ते बहुधा नसते, अशी एक जुनी खूण सांगितली जाते. परंतु सँडरलिंग हा लाटेमागे धावणारा फिकट तुतवार असूनही त्याला मागचे बोट नाही, आणि करडा चिखल्या चिखल्यांच्या कुळातला असूनही त्याच्या पायाला ते इवलेसे बोट आहे. करड्या चिखल्याची खरी ओळख तो उडाल्यावर पटते, कारण त्याच्या पंखांखाली, काखेत, काळाभोर डाग असतो. न्यूझीलंडमधील रायबिल हा चिखल्या आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. त्याची चोच उजवीकडे वळलेली असते आणि नदीपात्रातल्या दगडगोट्यांखालचे किडे तो तिने काढतो.

घरसंसारात मात्र साम्य बरेच आहे. दोन्ही कुळे बहुधा जमिनीवरच्या उथळ खळग्यात ठिपकेदार अंडी घालतात आणि पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर काही तासांतच स्वतःचे अन्न टिपू लागतात. शत्रू जवळ आला की पंख मोडल्याचे सोंग करून त्याला दूर नेणे ही चिखल्यांची प्रसिद्ध कला असली, तरी तुतवारांनाही तिचे वावडे नाही. फरक आहे तो जोडीच्या रीतीत. चिखल्यांत आई-बाप मिळून अंडी उबवण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तुतवारांत मात्र जवळजवळ प्रत्येक व्यवस्था आढळते. अमेरिकेतील ठिपकेदार तुतवाराची मादी एकामागून एक नर धरते आणि उबवण्याचे काम बहुतांशी नरांवर सोपवते. रफ जातीचे नर ठरलेल्या जागी जमून माद्यांपुढे आपली पिसारी मान फुलवतात. पेक्टोरल तुतवाराच्या नरांवर अलास्कामध्ये झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर काही नर विणीच्या काळात सलग 19 दिवस जवळजवळ न झोपता वावरल्याचे दिसले, आणि त्यांतल्या सर्वांत कमी झोपणाऱ्यांनाच सर्वाधिक पिल्ले झाली.

लांबच्या प्रवासावरून मात्र कूळ ओळखता येत नाही, कारण दोघेही या कामात निष्णात आहेत. सोन चिखल्या अलास्काहून हवाईपर्यंतचे सुमारे 4,800 किलोमीटरचे समुद्री अंतर तीन-चार दिवसांत न उतरता कापतो. तुतवारकुळातल्या पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने 2022 मध्ये अलास्का ते टास्मानिया हे 13,560 किलोमीटरचे अंतर 11 दिवसांत एका दमात पार केले. तेव्हा त्याचे वय पाच महिन्यांच्या आसपास होते. निघण्यापूर्वी पाणटिवळे अंगात भरपूर चरबी साठवतात आणि वाटेत उपयोगी न पडणारी आतडी व पेषणी आकसून लहान करतात.

सर्वांत अवघड वेळ भरतीची. खाण्याची जागा पाण्याखाली गेली की दोन्ही कुळांचे पक्षी किनाऱ्यावरच्या उंचवट्यावर एकत्र दाटीने उभे राहतात, एक पाय पोटाशी ओढून घेतात, मान मागे वळवून चोच पाठीच्या पिसांत खुपसतात आणि झोपतात. अशा वेळी चोच दिसत नाही, चाल दिसत नाही, डोळेही मिटलेले असतात, आणि समोर उरतात ते फक्त करडे गोळे. तेव्हा पुस्तक मिटून ओहोटीची वाट पाहावी. पाणी हटून चिखलाचा पहिला पट्टा उघडा पडला की हे गोळे जागे होतात. त्यांतले काही मान खाली घालून सलग चालू लागतात, आणि काही चार पावले धावून थबकतात.