पंडित, विजयालक्ष्मी : जीवन आणि खासगी कागदपत्रे

(१८ ऑगस्ट १९०० – १ डिसेंबर १९९०). भारतीय राजकारणी व मुत्सद्दी. ब्रिटिश अमदानीत मंत्री झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष आणि महाराष्ट्राच्या पहिल्या स्त्री राज्यपाल. एवढे असूनही त्यांची ओळख बहुधा ‘नेहरूंची बहीण’ अशीच करून दिली जाते. ती खोडून काढायची तर त्यांच्या कागदपत्रांकडे वळावे लागते, आणि त्यांतलीही पुष्कळशी पत्रे भावाशीच झालेली आहेत.

जन्म अलाहाबादचा. मोतीलाल व स्वरूपराणी यांच्या या मुलीचे माहेरचे नाव स्वरूपकुमारी, घरातले नाव ‘नान’. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. घरी ठेवलेल्या इंग्रज शिक्षिकेकडे शिक्षण झाले. १० मे १९२१ रोजी बॅरिस्टर रणजित सीताराम पंडित यांच्याशी विवाह झाला. मुहूर्त नेमका १८५७ च्या मीरत उठावाच्या तारखेचा निघाला. त्यात काँग्रेसचे पुढारी अलाहाबादेत जमलेले, त्यामुळे गावातल्या इंग्रजांनी धास्ती घेतल्याची हकीकत नेहरूंनी आत्मचरित्रात दिली आहे.

पंडित घराणे राजकोटला स्थायिक झालेले असले तरी मूळचे कोकणातले, बांबुळीचे. तुकारामांच्या गाथेच्या इंदुप्रकाश आवृत्तीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते शंकर पांडुरंग पंडित याच घराण्यातले. रणजित स्वतः संस्कृतज्ञ; काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणाऱ्या *राजतरंगिणी* या संस्कृत काव्याचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले. सासरी महाराष्ट्रातल्या रिवाजाप्रमाणे वधूचे नाव बदलले आणि स्वरूपची विजयालक्ष्मी झाली. जगाला माहीत असलेले त्यांचे नाव आणि आडनाव दोन्ही मराठी घरातली आहेत, हे आपल्याकडे क्वचितच कोणाच्या लक्षात असते.

अलाहाबाद नगरपालिकेतून त्यांनी सार्वजनिक कामाला सुरुवात केली. १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून येऊन त्या स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर त्यांनीही राजीनामा दिला.

तुरुंगवास तीनदा घडला. तिसऱ्या खेपेस, ऑगस्ट १९४२ मध्ये, पोलीस मध्यरात्रीनंतर आनंदभवनात, नेहरूंच्या अलाहाबादच्या घरी, आले. नैनी तुरुंगात या काळात ठेवलेली त्यांची रोजनिशी *प्रिझन डेज* या नावाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या सगळ्या लेखनात हीच सर्वांत जिवंत आहे. बराकीत त्यांच्याबरोबर थोरली मुलगी चंद्रलेखा आणि भाची इंदिरा होत्या. तिघींनी आपापल्या कोपऱ्याला नावे ठेवली होती : इंदिरांचा ‘शिंबोराझो’, आणि विजयालक्ष्मींच्या कोपऱ्यातून नुसती भिंत दिसायची म्हणून तो ‘वॉल व्ह्यू’. कंदील ‘ल्युसिफर’ झाला होता, आणि बूच हरवलेली बाटली ‘बिनडोक्याचा उमराव रूपर्ट’. दूतावासांच्या अहवालांत ही बाई सापडत नाही.

रणजित तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आले आणि १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौला वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. तिन्ही मुलीच, मुलगा नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवर दिराने हक्क सांगितला. नगरपालिका आणि मंत्रालय चालवलेल्या बाईच्या हाती स्वतःच्या घरचे जवळजवळ काहीच उरले नाही. गांधीजींनी मात्र कटुता धरू नका, दिराशी समेट करा, असा सल्ला दिला. हा प्रसंग त्यांनी *द स्कोप ऑफ हॅपिनेस* (१९७९) या आत्मचरित्रात सांगितला आहे.

१९४४ च्याच अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी भरलेल्या १९४५ च्या सॅनफ्रान्सिस्को परिषदेत सरकारी शिष्टमंडळ वेगळे होते. परिषदेबाहेर स्वतंत्र भारताची बाजू मांडली ती यांनी. पुढच्याच वर्षी त्या अधिकृत शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून आमसभेत गेल्या. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरचा ठराव ८ डिसेंबर १९४६ रोजी ३२ विरुद्ध १५ मतांनी, दोनतृतीयांश बहुमताने संमत झाला. समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फील्ड मार्शल स्मट्स होते. मुत्सद्दी म्हणून त्यांची सर्वांत मोठी कामगिरी हीच. १९५३ चे आमसभेचे अध्यक्षपद हा नंतरचा मान.

मॉस्को (१९४७–४९), वॉशिंग्टन (१९४९–५१) व लंडन (१९५४–६१) येथे त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मॉस्कोत असेपर्यंत स्टालिनने त्यांना भेट दिली नाही. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, ते याच कारकिर्दीत. १९६४ मध्ये राज्यपालपद सोडून भावाच्या रिकाम्या झालेल्या फूलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या. १९६८ मध्ये राजीनामा देऊन त्या डेहराडूनला राहू लागल्या. आणीबाणीनंतर मात्र १९७७ च्या निवडणुकीत, वयाच्या ७७ व्या वर्षात, त्या भाचीविरुद्ध प्रचाराला उतरल्या. ‘वॉल व्ह्यू’ आणि ‘शिंबोराझो’ आता समोरासमोर होते.

कागदपत्रे : त्यांचा खासगी संग्रह नवी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात (२०२३ पासून प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालय) आहे. तो एकगठ्ठा आलेला नाही. ‘पहिला हप्ता’, ‘दुसरा हप्ता’ अशी त्याची विभागणी असून अभ्यासक तसाच उल्लेख करतात. खासगी संग्रहाची एक अडचण येथेही आहे. पत्र राहते ते ज्याला आले त्याच्याकडे. त्यामुळे नेहरूंनी बहिणीला लिहिलेले बहिणीच्या कागदांत, तर बहिणीने लिहिलेले नेहरूंच्या कागदांत शोधावे लागते. पहिली बाजू बरीचशी छापली गेली : १९०९ ते १९४७ मधली नेहरूंची पत्रे नयनतारा सहगल या मधल्या मुलीने संपादित करून २००० मध्ये प्रसिद्ध केली. दुसऱ्या बाजूचे तसे झाले नाही. २००८ मध्ये नेहरूंच्या खासगी कागदांची ५१ खोकी कुटुंबाकडे परत गेली. त्यांत विजयालक्ष्मींशी झालेला पत्रव्यवहारही असल्याचे २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून आले. मूळ पत्रे, नाहीतर निदान त्यांच्या प्रती तरी मिळाव्यात, अशी मागणी तेव्हा संस्थेच्या वतीने करण्यात आली.