अबू सिंबेल : मंदिर कापायचं कसं ठरलं?

इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या लेण्यातला फॅरो रामसेस दुसरा, दारातले त्याचे चार बसलेले पुतळे आणि वर्षातून दोनदा गाभाऱ्यापर्यंत पोचणारं ऊन यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. या टिपणाचा विषय त्यापुढचा, साठ वर्षांपूर्वीचा आहे. सव्वातीन हजार वर्षं एकाच डोंगरात असलेलं लेणं नव्या धरणात बुडू नये म्हणून करवतीने कापून वरच्या पठारावर उभारायचं, हे कोणी आणि कशाच्या जोरावर ठरवलं?

नाईलवर आस्वानला पहिलं धरण 1902 मध्ये पुरं झालं. तेव्हा इजिप्तवर ब्रिटिशांचा ताबा होता. तिथल्या फिलाय बेटावरचं इसिस देवीचं मंदिर बुडेल म्हणून युरोपातल्या पुरातत्त्वज्ञांनी ओरड केली आणि धरणाची उंची कमी करण्यात आली. पण खाली कापसाला पाणी हवं होतं. 1912 मध्ये धरण उंच केलं गेलं, 1933 मध्ये पुन्हा. त्यानंतर फिलाय वर्षातला बराच काळ पाण्याखाली असे. पर्यटक होडीतून खांबांच्या वरच्या टोकांमधून फिरायचे आणि भिंतींवरचे रंग धुऊन गेले. त्या वेळी जगाला कोणी हाक घातली नाही. नुबियाच्या, म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधल्या नाईलकाठच्या, गावांनीही तिन्ही वेळा घरं वर सरकवली. नुबियातली मंदिरं वाचवण्याची 1960 ची आंतरराष्ट्रीय मोहीम ‘जगातली पहिली’ म्हणून सांगितली जाते, ती या पार्श्वभूमीवर तपासून घ्यावी.

नव्या, मोठ्या धरणाची गोष्ट राजकारणाची आहे. 1956 च्या जुलैत अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्यासाठी पैसे देण्याची तयारी मागे घेतली, आठवड्याभरात सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण झालं, शरदात युद्ध झालं. पुढे सोव्हिएत कर्ज आलं आणि 9 जानेवारी 1960 ला धरणाचं काम सुरू झालं. पाणी साठ मीटरच्या आसपास चढणार होतं आणि सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचं बुडीत क्षेत्र सुदानच्या आतपर्यंत जाणार होतं. इजिप्तने 1959 च्या एप्रिलमध्ये आणि सुदानने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मदत मागितली. 8 मार्च 1960 ला पॅरिसहून संयुक्त राष्ट्रांच्या सांस्कृतिक संघटनेने जाहीर आवाहन केलं. म्हणजे ज्या सरकारांनी धरणाला पैसे नाकारले, त्यांच्याकडेच आता धरणात बुडणाऱ्या मंदिरांसाठी पैसे मागायचे होते. त्यांना ते सोयीचंही होतं. धरणाच्या बाजूने उभं न राहता इजिप्तशी बोलणी सुरू करायची ही आयती वाट होती.

इजिप्तनेही हात सैल सोडला. उत्खननात सापडेल त्यातला निम्मा वाटा आणि मोठी मदत करणाऱ्यांना अख्खी मंदिरं. देबोदचं मंदिर माद्रिदला गेलं, देंदूरचं न्यूयॉर्कला, ताफेहचं लायडेनला. भारताचंही एक उत्खनन पथक 1961-62 च्या हंगामात नुबियात होतं. त्याच सुमारास कृष्णेवरच्या नागार्जुनसागरात जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे अवशेष आपल्याकडे टेकडीवर हलवले जात होते. हे काम आपल्या लोकांना नवं नव्हतं, पण जगाच्या वर्तमानपत्रांत जागा अबू सिंबेललाच मिळाली.

आता मुख्य मुद्दा. बाकीची बरीचशी मंदिरं दगडांवर दगड रचलेली होती. ती उतरवायची, क्रमांक घालायचे, पुन्हा रचायची. अबू सिंबेल मात्र कातळात खोदलेलं. वेरूळचा कैलास जागेवरून हलवा म्हटलं तर जे कोडं पडेल तेच इथे पडलं होतं. शिवाय वालुकाश्म ठिसूळ, जागोजाग तडे गेलेला.

पहिली योजना फ्रेंचांची होती : दोन्ही मंदिरांभोवती दगडमातीचं अर्धवर्तुळाकार धरण बांधायचं आणि आत झिरपणारं पाणी पंपाने कायम उपसत राहायचं. मंदिर जागेवर राहिलं असतं, पण खड्ड्यात, आणि पंपांचा खर्च कायमचा मानगुटीवर. दुसरी योजना इटालियन होती. तिच्यात डोंगराचा तो भाग खालून-बाजूने सोडवायचा, काँक्रीटच्या पेटीत धरायचा आणि शेकडो हायड्रॉलिक जॅकवर मिलिमीटर-मिलिमीटरने साठ मीटर वर न्यायचा. वजन अडीच लाख टनांच्या घरात. 1961 मध्ये इजिप्तने हीच योजना पसंत केली होती, हे आज बहुतेक वर्णनांतून गळून गेलेलं असतं. तिसरी कल्पना लंडनची आणि सगळ्यांत चमत्कारिक : मंदिर बुडू द्यायचं, पण समोर पातळ भिंत घालून आतलं पाणी गाळलेलं, नितळ ठेवायचं आणि प्रेक्षकांनी पाण्याखालच्या सज्जांमधून पाहायचं. दोन्ही बाजूंना पाण्याचा दाब सारखा, म्हणून भिंत पातळ चालते, हे गणित बरोबर होतं. वालुकाश्म वर्षानुवर्षं भिजत ठेवण्याची कल्पना मात्र कोणाच्या पचनी पडली नाही.

उचलण्याची योजना तंत्रात हरली नाही. तिला पैसे मिळाले नाहीत. 1962 अखेरपर्यंत देशोदेशींची आश्वासनं खर्चाच्या जवळपासही पोचली नव्हती. मग कापण्याचा प्रस्ताव वर आला. त्याचा अंदाज 3 कोटी 60 लाख डॉलर, उचलण्याच्या मानाने खूपच कमी. 1963 मध्ये तो मान्य झाला आणि तिसऱ्या हिश्शाची जबाबदारी अमेरिकेने घेतली. ही रक्कम डॉलरमध्ये आली नाही. इजिप्तला विकलेल्या जास्तीच्या धान्याचे अमेरिकेच्या नावावर साठलेले इजिप्शियन पौंड त्यासाठी वापरले गेले. आपल्याकडे अमेरिकेच्या ज्या पीएल-480 कायद्याखाली गहू आणि मिलो ज्वारी येत होती, त्यातलाच हा प्रकार. रामसेसला वर नेणाऱ्या पैशाचा मोठा वाटा गव्हाचा होता असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

1964 च्या मे महिन्यात दोन गोष्टी घडल्या. नाईलचा प्रवाह वळवला गेला, म्हणजे पाणी चढायला सुरुवात होणार हे नक्की झालं. आणि व्हेनिसमध्ये जमलेल्या वास्तुरक्षकांनी एक सनद मंजूर केली. वास्तू तिच्या जागेपासून वेगळी काढता येत नाही, वाचवण्याचा दुसरा मार्गच नसेल किंवा राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय हिताचं फार मोठं कारण असेल तरच ती हलवावी, असं तिचं सातवं कलम सांगतं. ही सनद लिहिणाऱ्या समितीचं अध्यक्षपद उचलण्याची योजना मांडणाऱ्या इटालियन तज्ज्ञाकडेच होतं. कलमातला अपवाद अबू सिंबेलला डोळ्यासमोर ठेवून घातला असं म्हणायला कागद नाही, पण तो वाचताना दुसरं काही आठवत नाही. कापण्याच्या बाजूचे लोक आजही याच अपवादाचा आधार घेतात. मला तो आधार अर्धाच वाटतो. दुसरा मार्ग होता. परवडणारा दुसरा मार्ग नव्हता, आणि या दोन वाक्यांत फरक आहे.

तरीही ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं त्यांच्याविषयी वाईट बोलायला जागा नाही. नदीच्या बाजूने तात्पुरता बांध घातला. दर्शनी भाग वाळूने झाकला, म्हणजे वरून कोसळणाऱ्या दगडांचा मार पुतळ्यांना लागू नये, आणि आत छताला पोलादी आधार दिले. माथ्यावरचा सुमारे तीन लाख टन कातळ सुरुंग न लावता काढला. मागून, जिथे दिसणार नाही तिथे, यांत्रिक करवती चालल्या. कोरीव पृष्ठभागावर मात्र हातकरवत, आणि कापाची रेघ सहा-आठ मिलिमीटरच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. त्यासाठी इटलीतल्या संगमरवराच्या खाणींतले करवतकाम करणारे कारागीर आणले होते. प्रत्येक तुकड्यात भोकं पाडून रेझिनने पोलादी सळया बसवल्या, कारण दोर बांधून उचललं तर कडा झडल्या असत्या. बहुतेक तुकडे वीस टनांच्या आसपासचे, काही तीसपर्यंत, एकूण हजाराहून अधिक. 1965 च्या ऑक्टोबरमध्ये एका पुतळ्याचा चेहरा कानांच्या पुढून कापून क्रेनने उचलला. त्या मोहिमेचं सर्वांत जास्त छापलं गेलेलं छायाचित्र त्याचंच.

एक बारकावा मला नेहमी बोलका वाटतो. डावीकडून दुसऱ्या पुतळ्याचं डोकं आणि धड प्राचीन काळीच भूकंपात खाली आलं होतं. क्रेन दारात उभी होती, जोडायचं म्हटलं तर जमलं असतं. तसं केलं नाही. पडलेले तुकडेही मोजून, जसे होते तसे, नव्या जागी पायाशी पुन्हा ‘पाडून’ ठेवले. मागचा डोंगर मात्र नवा आहे. आत काँक्रीटचा घुमट आहे, मोठ्या मंदिरावर सुमारे साठ मीटर व्यासाचा, आणि त्यावर दगडमातीची टेकडी रचलेली. जुनी जागा पासष्ट मीटर खाली, नव्या धरणाने झालेल्या नासर सरोवरात. 22 सप्टेंबर 1968 ला उद्‌घाटन झालं तेव्हा खर्च 4 कोटी डॉलरच्या आसपास गेला होता.

पुढचं थोडक्यात. फिलायची मंदिरं शेजारच्या बेटावर नेण्यात आली, ते काम 1980 मध्ये संपलं. त्यासाठी तुतनखामेनच्या वस्तूंच्या प्रदर्शनांनी पैसा उभा केला. 1972 चं लंडनचं प्रदर्शन सोळा लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. त्याच वर्षी जागतिक वारशाचा करार झाला. 1979 मध्ये अबू सिंबेल ते फिलाय हा पट्टा यादीत आला. याच यादीत 1983 मध्ये अजिंठा-वेरूळ आणि 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले गेले. ‘वारसा साऱ्या जगाचा’ ही भाषा सरकारी कागदावर रुजली ती नुबियाच्या मोहिमेतून.

धरणग्रस्तांचं पुनर्वसन त्या भाषेत कधी नीट बसलं नाही. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख नुबियन उठवले गेले. इजिप्तमधल्यांना 1963-64 मध्ये कोम ओम्बोकडे नेलं, सुदानच्या वादी हल्फातल्या अनेकांना शेकडो किलोमीटर दूर अत्बारा नदीच्या काठी. दाराभोवती चिनी मातीच्या बश्या बसवलेली, रंगवलेली त्यांची मातीची घरं कोणी क्रमांक घालून हलवली नाहीत. नव्या वसाहतीत एकसारख्या घरांच्या रांगा होत्या, आणि नदी लांब. इजिप्तच्या 2014 च्या राज्यघटनेत, कलम 236 मध्ये, नुबियनांना दहा वर्षांत त्यांच्या मूळ भागात परत आणण्याच्या योजनेचा शब्द दिला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या एका फर्मानाने सीमेलगतचा पट्टा लष्करी क्षेत्र ठरवला, आणि जुन्या गावांच्या काही जमिनी त्यात गेल्या. घटनेतली मुदत 2024 मध्ये उलटली.