अडकलेली अंगठी आणि फुटलेली फेरारी

रविवारी जेवणं चालली होती. भाच्याने आमटीच्या वाटीवरून फोन पुढे केला. "मामा, हे बघ. पंधरा लाख डॉलर थेट भिंतीवर."

व्हिडिओ जुनाच, मार्च २००७ चा. लॉस एंजेलिसजवळ अर्विनडेल स्पीडवे नावाचा शर्यतीचा ट्रॅक होता, तिथे एडी ग्रिफिन हा विनोदी नट लाल फेरारी एन्झो चालवतोय. 'रेडलाइन' नावाचा मोटारींच्या शर्यतीवरचा चित्रपट येऊ घातला होता. त्याच्या प्रसिद्धीसाठी एक धर्मादाय शर्यत ठेवलेली आणि हा तिच्या सरावाला उतरलेला. गाडी त्याची नव्हेच, निर्माते डॅनियल सादेक यांची. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. एका वळणावर गाडीने वळायचं सोडून काँक्रीटचा कठडा गाठला. पुढचा भाग गेला. ग्रिफिन मात्र आपल्या पायांनी बाहेर आला.

आमच्या टेबलावर पाच मिनिटांत ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्याच तेव्हा जगभर उमटल्या होत्या. ताई म्हणाली, "स्टंट असणार. फुकटची जाहिरात." भाचा म्हणाला, "साडेतीनशेने पळणारी गाडी एवढ्याशा वेगात कशी सुटेल? येत नसेल चालवायला." आईला माणसाची काळजी, तो वाचला ना एवढंच तिने विचारलं. आणि बाबांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "एवढ्याशा धडकेने चुरा? आमची फियाट असती तर भिंत पडली असती."

माणसाच्या मनात काय होतं हे भौतिकशास्त्राला विचारून उपयोग नाही, त्यामुळे ताईला मी काही बोललो नाही. पण भाच्याच्या प्रश्नात एक मोठा गैरसमज दडलाय आणि तो फार लोकांचा आहे: गाडी जितकी महाग आणि ताकदवान, तितकी ती रस्त्याला चिकटून राहणार.

एन्झोचे आकडे डोळे दिपवणारेच आहेत. सहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन, ६६० अश्वशक्ती, शून्यावरून ताशी १०० किलोमीटर सुमारे साडेतीन-पावणेचार सेकंदांत. एकूण ४०० गाड्या बनल्या. त्यातली शेवटची पोप जॉन पॉल दुसरे यांना दिली गेली आणि त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी लिलावात विकली गेली. आता या आकड्यांपैकी वळणावर कामाला येणारा एकही नाही, हे भाच्याला पटेना.

वळणावर गाडीला आत खेचणारं बल कुठून येतं? इंजिनातून नाही, स्टिअरिंगमधूनही नाही. ते येतं टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणातून. चार चाकं, प्रत्येकाचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. दहावीचं गणित करून बघा. वळणाची त्रिज्या ३० मीटर आणि घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचं माप, १ धरला, तर गाडी टिकू शकते तो कमाल वेग म्हणजे गुणांक, गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. उत्तर येतं सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर. या सूत्रात वस्तुमान नाही. अश्वशक्ती नाही. किंमत तर नाहीच. आपल्या साध्या हॅचबॅकच्या टायरला ०.८ गुणांक दिला, तर तिची मर्यादा ५५. एन्झोच्या रुंद, मऊ टायरांना अगदी १.१ दिला तरी ६५. म्हणजे त्या वळणावर दोघींत फरक दहा किलोमीटरचा. खरा फरक वळणाच्या आधी पडतो: हॅचबॅक तिथवर धापा टाकत पोचते, एन्झो तुम्ही 'अरे' म्हणेपर्यंत पोचलेली असते.

"पण ती हवेच्या दाबाने खाली दाबली जाते ना?" भाचा हुशार आहे. जाते. पण हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३०० ला एन्झोवर सुमारे ७७५ किलोचा दाब येतो, २०० ला ३४४ किलोचा. त्याच हिशेबाने ६० ला किती? जेमतेम ३० किलो. दहा वर्षांचं पोरगं टपावर बसवल्यासारखं.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. ती सांगायला मी आईच्या बोटाकडे हात केला.

आईच्या बोटातली अंगठी गेली काही वर्षं निघत नाही. सरळ ओढली तर ढिम्म हलत नाही. पण ती गोल फिरवत फिरवत ओढली की येते. साबण न लावताही येते. घट्ट बसलेलं बूचही आपण पिरगाळूनच काढतो. का? घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेला असतं, आणि त्याचं एकूण माप ठरलेलं असतं. अंगठी फिरवली की ते सगळं माप फिरण्याला विरोध करण्यात खर्ची पडतं आणि पुढे ओढण्याला विरोध करायला जवळजवळ काहीच उरत नाही.

टायरचंही हेच. त्याच्याकडे घर्षणाची एकच थैली आहे. ब्रेकसाठी वेगळी, वळण्यासाठी वेगळी, वेग वाढवण्यासाठी तिसरी, असं नाही. मात्र हा खर्च पगारातून भाडं वजा करावं तसा सरळ वजा होत नाही, तो पायथागोरसने वजा होतो. कारण ब्रेकची दिशा मागची आणि वळण्याची बाजूची, दोन्ही एकमेकींना काटकोनात. थैलीतला ८० टक्के भाग ब्रेकवर घातला तर वळायला २० नाही, ६० टक्के उरतो. ६०, ८०, १०० हा शाळेतला ३-४-५ चा त्रिकोणच. सगळी बेरीज एका वर्तुळात बसते, म्हणून गाड्यांवर काम करणारे याला घर्षणाचं वर्तुळ म्हणतात. ब्रेकवर ९५ टक्के घालवलात तरी वळायला ३१ टक्के शिल्लक असतात. शंभर टक्के घालवलेत की शून्य. त्या शेवटच्या पाच टक्क्यांत होत्याचं नव्हतं होतं. चाक जाम झालं की तुम्ही स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ज्या दिशेला निघाली होती त्याच दिशेला घसरत राहते. अंगठी निघाली.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी गुडघ्यावर शिकलो. सोसायटीच्या फाटकाशी वळणावर बांधकामाची वाळू सांडलेली, हँडल वळलेलं, समोर कुत्रं, आणि मी पुढचा ब्रेक आवळला. स्कूटर एकीकडे, दुधाच्या दोन पिशव्या दुसरीकडे. वाळूने थैली मुळातच लहान केली होती, आणि तिच्यातून मी वळणही मागत होतो, ब्रेकही.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिच्यामुळे ही थैली मोठी होत नाही, फक्त तुम्हाला शेवटचा पैसा उधळू देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलही तेच करतं, पण वेग वाढवण्याच्या बाजूने. एन्झोची मागची चाकं इंजिनाला जोडलेली. वळणात असताना त्या ६६० अश्वशक्तीतला थोडासा भाग जरी जास्त सोडला तरी मागच्या टायरांचं वर्तुळ ओलांडलं जातं आणि शेपूट फिरते. घाबरून पाय एकदम उचलला तर वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि शेपूट तरीही फिरते. इंजिन मध्यभागी असल्याने गाडी भोवऱ्यासारखी चटकन वळते. कसलेल्या चालकासाठी हा गुण. नवख्याला ती गिरकी कळून हात हलेपर्यंत गाडी तिरकी झालेली असते.

इथे अजून एक पायरी आहे. ती जरा किचकट आहे, कंटाळा आला तर बाबांच्या फियाटपाशी भेटू. टायर काही लाकडी चकती नव्हे. वळताना त्याचं रबर जमिनीला चिकटून आडवं ताणलं जातं, त्यामुळे टायरचं तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल थोड्या वेगळ्या दिशेला असते. दोन्हींतल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. सुरुवातीचे काही अंश हा कोन वाढेल तसं बाजूचं बलही सरळ रेषेत वाढतं. रोजचं आपलं सगळं ड्रायव्हिंग याच टप्प्यात चालतं, म्हणून आपला हात एवढंच शिकतो: जास्त फिरवलं की जास्त वळतं. पुढे हा आलेख वाकतो, माथा गाठतो आणि उतरू लागतो. मऊ रबर जमिनीला टेकलेल्या त्या तळहाताएवढ्या भागाच्या मागच्या कडेपासून सुटत सुटत पूर्ण घसरायला लागतं. आता जास्त फिरवलं की कमी वळतं! शिवाय रबर शाळेतला घर्षणाचा नियमही नीट पाळत नाही. वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जे वजन जातं, त्यात बाहेरची जेवढं कमावतात त्याहून जास्त आतली गमावतात. रुंद टायर आणि जमिनीलगतची गाडी यांचं गुपित हेच.

म्हणजे गाडीचं नाक सरळ भिंतीकडे निघालं असताना वाचायचं असेल तर स्टिअरिंग थोडं सोडायला हवं. भिंत समोर दिसत असताना! शर्यतवाले तासन् तास सराव करतात तो हा उलटा प्रतिसाद हातात मुरवण्यासाठी. बाकी सगळे जण घाबरल्यावर एकच करतात, आणखी फिरवतात आणि आणखी ब्रेक दाबतात. थैली रिकामी असताना दोन उचल मागतात. त्यासाठी नट असावं लागत नाही.

गाडीच्या बाबतीत आपल्याकडे अंदाज वेगळेच चालतात. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू फोडतात. त्याने पहिले काही इंच टायर ओलं होतं, एवढाच परिणाम मला मोजता येतो. नंबरप्लेटच्या अंकांची बेरीज नऊ यावी म्हणून हजारो रुपये मोजणारे लोक झिजलेल्या टायरांवर अजून एक पावसाळा काढतात. जाहिराती तर अश्वशक्तीच्या पुढे जातच नाहीत. टायरच्या खाचा किती खोल आहेत हे शोरूममध्ये विचारून बघा, सेल्समन तुम्हाला सनरूफ उघडून दाखवेल.

राहिली बाबांची फियाट. ताशी ६० ने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून, खाली पडणं. ती ऊर्जा कुठेतरी जाणारच. पुढचा भाग अर्धा मीटर चेपला तर आतल्या माणसाला सरासरी गुरुत्वाच्या २८ पट झटका बसतो. पट्टा बांधलेला तरणा माणूस क्षणभर तो सोसू शकतो. गाडी 'भक्कम' असेल आणि पाचच सेंटिमीटर चेपली, तर झटका दसपट. बेला बारेन्यी या मर्सिडीजच्या अभियंत्याने १९५० च्या सुमारासच ओळखलं होतं की माणसाभोवतीची खोली कडक हवी आणि तिच्या पुढचा-मागचा भाग चुरगळणारा. एन्झोत माणूस बसतो ती कार्बन फायबरची खोली विलक्षण कडक आहे, आणि बाहेरची तुकडे होऊन उडणारी बॉडी म्हणजे नुसतं कवच. ग्रिफिनच्या साधारण वर्षभर आधी मालिबूच्या किनारी रस्त्यावर एक एन्झो ताशी अडीचशेहून जास्त वेगात खांबाला धडकून अक्षरशः दोन तुकडे झाली. तरी तिच्यातली माणसं जिवंत राहिली.

बाबांनी सगळं ऐकलं. पाणी प्यायले.

"म्हणजे फियाटमध्ये गाडीला काही झालं नसतं."

"नाही."

"आणि मला झालं असतं."

"हो."

"मग दुरुस्तीचा खर्च वाचला असता की," म्हणाले, आणि ताट घेऊन उठले. आई तेवढ्यात अंगठी फिरवून बघत होती.