खनिज-भाडेपट्ट्याचे उत्पन्न (अमेरिकी प्राप्तिकर)

जमिनीखालील तेल, वायू वा अन्य खनिजे काढण्याचा हक्क कंपनीला ठरावीक मुदतीसाठी दिल्याबद्दल खनिजमालकाला मिळणारे उत्पन्न. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार खनिजांवरील हक्क सर्वसाधारणपणे शासनाचा असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना काहीशी अपरिचित वाटेल. अमेरिकेत मात्र खनिजांची मालकी खाजगी असू शकते, जमिनीच्या मालकीपासून ती वेगळी करून विकता येते आणि वारसांत वाटलीही जाते. त्यामुळे ओक्लाहोमा राज्यातले पूर्वजांचे शेत कधी पाहिलेही नसलेल्या वारसाच्या विवरणपत्रात हे उत्पन्न येऊ शकते.

करार करताना मिळणारी एकरकमी रक्कम म्हणजे बोनस, उत्खनन लांबवल्याबद्दलचे भाडे आणि उत्पादनातील हिस्सा म्हणजे रॉयल्टी (स्वामित्वधन), असे या उत्पन्नाचे मुख्य प्रकार आहेत. बोनस हा मालमत्ता विकल्याचा भांडवली नफा नसून सामान्य उत्पन्न आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये बर्नेट विरुद्ध हार्मेल या खटल्यात ठरवले. वैयक्तिक विवरणपत्रात हे उत्पन्न शेड्यूल ई या पुरवणीत दाखवतात.

सर्वाधिक चुका रॉयल्टीच्या आकड्यात होतात. कंपनीचा धनादेश उत्पादन-कर आणि वाहतूक वगैरे खर्च कापून आलेला असतो, पण विवरणपत्रात कपातीपूर्वीची पूर्ण रक्कम दाखवून त्या कपाती खर्च म्हणून वेगळ्या मांडायच्या असतात. केवळ हाती आलेली रक्कम लिहिली, तर ती फॉर्म १०९९-एमआयएससी (दिलेल्या रकमेची माहिती कंपनी मालकाला व कर खात्याला कळवते तो फॉर्म) वरील आकड्याशी जुळत नाही, शिवाय साठाक्षयाची वजावटही कमी पडते.

साठाक्षय म्हणजे खनिज उपसले जाईल तसे मालमत्तेचे मूल्य घटणे. तेल-वायूच्या रॉयल्टीधारकाला पूर्ण रॉयल्टीच्या सामान्यतः १५ टक्के वजावट मिळते, म्हणजे १०,००० डॉलरवर १,५०० डॉलर; मात्र तिला करपात्र उत्पन्नाच्या ६५ टक्के यांसारख्या मर्यादा आहेत. हा दर १९२६ मध्ये २७.५ टक्के होता आणि १९६९ मध्ये २२ टक्के झाला. मूळ खर्च पूर्ण वसूल झाल्यावरही ही वजावट चालू राहते, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्यावरील टीकेचे एक कारणही तेच. खर्चावर आधारित वजावट, म्हणजे मूळ खर्च उपशाच्या प्रमाणात वाटून काढलेली वजावट, अधिक होत असेल, तर ती घ्यावी लागते. वारशाने आलेल्या हक्काचा खर्च साधारणतः मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, म्हणून तेव्हाचे मूल्यांकन जपून ठेवणे आवश्यक ठरते.

तेल-वायूच्या बोनसवर टक्केवारीची वजावट मिळत नाही, खर्चावर आधारित मात्र मिळते. पण उत्पादन न होताच भाडेपट्टा संपला, तर घेतलेली वजावट भाडेपट्टा संपला त्या वर्षीच्या उत्पन्नात पुन्हा जमा करावी लागते. उत्खननाच्या खर्चात वाटा उचलणाऱ्या भागीदाराचे उत्पन्न सहसा शेड्यूल सी या व्यवसायाच्या उत्पन्नाच्या पुरवणीत जाते व त्यावर स्वयंरोजगार करही बसतो. केवळ रॉयल्टी घेणाऱ्यावर तो बसत नाही. टेक्ससमध्ये राज्याचा वैयक्तिक प्राप्तिकर नाही, ओक्लाहोमात आहे, आणि तेथील रॉयल्टीबद्दल बाहेर राहणाऱ्या मालकालाही त्या राज्यात वेगळे विवरणपत्र भरावे लागू शकते.