रजोनिवृत्तीवरील उपचार : मराठवाड्यातील जाणीव आणि वापर

सलग 12 महिने पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी 46–47 व्या वर्षी येते. बीजकोशांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी तयार होऊ लागल्याने अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडणे, चिडचिड, सांधेदुखी असे त्रास होतात व पुढे हाडे ठिसूळ होतात. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात पाळी जाण्याकडे विटाळातून सुटका म्हणूनही पाहिले जात असल्याने हे त्रास बहुधा अंगावर काढले जातात. गुडघे किंवा कंबर दुखू लागल्यावर दवाखाना गाठला, तरी त्याचा पाळीशी संबंध जोडला जातोच असे नाही.

या प्रदेशात सर्वाधिक परिचित ‘उपचार’ औषधाचा नसून पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याचा आहे, ही गोष्ट नोंदवणे भाग आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रिया दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात. तेथे एका दिवसाचा खाडा म्हणजे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीच्या, कर्जात भर, आणि फडावर ना आडोसा ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पांढरे जाणे, अतिरक्तस्राव किंवा पोटदुखी यांवर, आणि अनेकदा कर्करोगाची भीती घातली गेल्यामुळे, तरुण वयातच गर्भाशय काढून घेतल्याची प्रकरणे पुढे आली. राज्य शासनाने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. या शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि तिचे त्रास नैसर्गिक रजोनिवृत्तीपेक्षा तीव्र असतात. केवळ गर्भाशय काढले तरी बीजकोशांचे कार्य लवकर मंदावू शकते. म्हणजे ज्या स्त्रियांना संप्रेरक उपचारांची (कमी पडलेले इस्ट्रोजेन औषधातून देण्याची) सर्वाधिक गरज, त्यांनाच पिशवी गेली की प्रश्न मिटला असे सांगितले गेलेले असते.

वाफा व घाम यांवर इस्ट्रोजेन हाच सर्वांत परिणामकारक उपाय असून गर्भाशय शाबूत असल्यास त्यासोबत प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध द्यावेच लागते. 2002 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत स्तनकर्करोग व रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढल्याचे दिसल्यावर संप्रेरकांच्या गोळ्यांची धास्ती जगभर पसरली. परंतु त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि साठीच्या आत, रजोनिवृत्तीनंतर 10 वर्षांत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभ अधिक ठरतो. स्तनाचा कर्करोग, गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार असल्यास ते टाळतात. केवळ योनिमार्गाच्या कोरडेपणासाठी स्थानिक मलम पुरते, मात्र हा त्रास पुरुष डॉक्टरसमोर बोलला जाणे विरळाच. सोयाबीन लातूर परिसराचे मुख्य पीक असले तरी त्यातील वनस्पतिज इस्ट्रोजेनचा या त्रासांवरील गुण माफकच आहे.

आशाताई व उपकेंद्रातील परिचारिका यांचे काम मुख्यतः गर्भवती व बालके यांच्याभोवती फिरते. चाळिशीपुढील स्त्री त्यांच्या नोंदवहीत क्वचितच येते. तज्ज्ञांसाठी छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये गाठावी लागतात. पाळी गेल्यानंतर वर्षभराने पुन्हा रक्तस्राव झाल्यास ही खेप टाळू नये, कारण तो गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकतो.