‘डिझॉल्व्ह’ : एका इंग्रजी क्रियापदाची पार्श्वभूमी

१७ फेब्रुवारी १९८० रोजी महाराष्ट्रासह ९ राज्यांत राष्ट्रपती राजवट लागू झाली, तेव्हा आपल्या राज्यात एकाच दिवशी दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. शरद पवार यांचे मंत्रिमंडळ पदावरून गेले आणि विधानसभा मुदतीआधीच संपुष्टात आली. मराठीत आपण दोन्हींसाठी ‘बरखास्त’ हा एकच शब्द वापरतो. इंग्रजीत मात्र मंत्रिमंडळ ‘डिसमिस’ होते आणि सभागृह ‘डिझॉल्व्ह’ होते. हा भेद केवळ शब्दांचा नाही. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यात पुन्हा राष्ट्रपती राजवट आली, पण त्या वेळी नुकतीच निवडून आलेली विधानसभा विसर्जित न करता केवळ संस्थगित, म्हणजे तिचे काम तात्पुरते थांबवून, ठेवली होती. त्यामुळे पुन्हा निवडणूक न घेता त्याच महिन्यात त्याच सभागृहातून सरकार उभे राहू शकले.

‘डिझॉल्व्ह’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सोल्वेरे’ म्हणजे सैल करणे, गाठ सोडवणे, मोकळे करणे, आणि ऋण फेडणे हाही त्याचाच एक अर्थ. त्याला ‘अलग अलग’ अशा अर्थाचा ‘दिस’ हा उपसर्ग लागला आणि चौदाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत रूढ झाले. प्रश्नाची उकल सांगणारे ‘सोल्यूशन’, द्रावक या अर्थाचे आणि देणी भागवण्यास समर्थ अशाही अर्थाचे ‘सॉल्व्हंट’, दोषमुक्त करणारे ‘ॲब्सॉल्व्ह’ ही सगळी याच घरातली भावंडे. फोडणे आणि तोडणे यांत बाहेरून घाव बसतो. ‘डिझॉल्व्ह’मध्ये घटकांना एकत्र धरून ठेवणारा बंध सुटतो. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा खडा दिसेनासा होतो, पण मीठ कुठे जात नाही. हे चित्र मनात ठेवले, तर या शब्दाचे पुढचे सगळे उपयोग नीट लागतात.

इंग्लंडच्या इतिहासात हा शब्द राजसत्तेच्या हातात गेला. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले ख्रिस्ती मठ राजाकडे गेले, १५३९ मध्ये मोठ्या मठांची पाळी आली आणि मार्च १५४० मध्ये वॉल्थमच्या मठाने शरणपत्र दिल्यावर हे पर्व संपले. या साऱ्या प्रकरणाला इतिहासात ‘डिझॉल्यूशन’ म्हणतात. संन्यासी संघ मोडले, जमिनी व इमारती राजाच्या झाल्या. गोव्यात एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केले, त्याची खूण आजही जुन्या गोव्यात उभी आहे. सेंट ऑगस्टीनचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली आणि आता त्या मनोऱ्याचा अर्धा भागच तेवढा दिसतो. संघ विसर्जित झाला की त्याची वास्तू किती लवकर ढासळते, हे तिथे उभे राहिल्यावर समजते. राजकीय अर्थाने हा शब्द सर्वांत ठसठशीतपणे आला तो १७७६ च्या अमेरिकी जाहीरनाम्यात, जिथे एका लोकसमूहाने दुसऱ्याशी असलेले राजकीय बंध ‘डिझॉल्व्ह’ करण्याची भाषा केली.

आपल्याकडे हा शब्द कायद्यातून आला आणि मराठीने त्याच्यासाठी आपापल्या जागचे शब्द काढले. ‘बरखास्त’ हा फारसी शब्द ‘उठणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. दरबार बरखास्त होतो म्हणजे माणसे उठतात, पण दरबार ही संस्था राहतेच. ‘विसर्जन’ मात्र संस्कृत ‘सृज्’ धातूचे, सोडून देणे, निरोप देणे या अर्थाचे. संविधानाच्या मराठी पाठात कलम ८५ खाली लोकसभेसाठी हाच शब्द आहे आणि तो ‘डिझॉल्व्ह’ला जास्त जवळचा आहे, असे मला वाटते. अनंत चतुर्दशीला बादलीत ठेवलेली शाडूची मूर्ती पाहा. काही तासांत तिचे कंगोरे मऊ होतात, आकार बसतो आणि तळाला राखाडी गाळ उरतो. निरोपाचे विसर्जन आणि विरघळण्याचे विसर्जन इथे एकच होते. प्लॅस्टरच्या मूर्तीचे विसर्जन होते, पण ती विरघळत नाही. म्हणूनच घरी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती मूर्ती ठेवण्याचा उपाय पुढे आला.

विवाहाच्या बाबतीत शब्दांचे ओझे सर्वांत जड आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह ‘डिझॉल्व्ह’ होतो. विवाह मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसेल, तर तो कलम ११ चा विषय. विसर्जित होण्यासाठी आधी तो खरोखर जुळलेला असावा लागतो. बडोदे संस्थानात १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९४७ मध्ये घटस्फोटाचे कायदे झाले होते. ‘घटस्फोट’ हा शब्द मात्र धर्मशास्त्रातल्या बहिष्काराच्या विधीतून आला आहे. पतिताच्या नावाने पाण्याने भरलेला घट दासीने पायाने उलथायचा आणि त्याला मेलेला मानायचे. विभक्त होणाऱ्या बाईच्या माथी हा जुना अर्थ अजून चिकटलेला आहे, याची मला खंत वाटते. त्यापेक्षा व्यवहारातली ‘काडीमोड’ साधी आहे, आणि ‘फारखत’ तर अर्थाने लॅटिन मुळाच्या थेट शेजारी बसते. कर्जातून मोकळे केल्याचा लेख म्हणजे फारखत, आणि नवरा-बायकोला एकमेकांपासून मोकळे करणारा लेखही फारखतच.

ऋण आणि बंध यांची ही जोडी भागीदारीच्या कायद्यातही दिसते. १९३२ च्या कायद्यानुसार फर्म विसर्जित झाली की आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाशिवाय दिलेल्या उचली, मग भांडवल आणि शेवटी उरलेले वाटप, असा क्रम असतो. सभागृहाचेही तसेच. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप बाद होतात, आणि तिने संमत करून राज्यसभेकडे पाठवलेली पण तिथे रखडलेली विधेयकेही सामान्यतः जातात; राज्यसभेत मांडलेली आणि लोकसभेपर्यंत न पोहोचलेली मात्र टिकून राहतात, कारण राज्यसभा कधी विसर्जित होतच नाही.