‘रेडिओ फ्रेंडली’ नावाच्या कर्कश गाण्यामागे

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचं ‘रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर’ हे गाणं सुरू होतं तेच गिटारच्या किंचाळण्याने. फीडबॅक (अ‍ॅम्प्लिफायरची कर्कश शिट्टी), तेच ते रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), वर ओरडणारा बँडचा गायक कर्ट कोबेन. रेडिओवर हमखास वाजणारा, दुकानातून धडाधड उठणारा माल, हे शीर्षक अशा गाण्याला देणं म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या भाषेला मारलेला सरळ टोमणा.

टोमण्याची मुळं १९९१ मध्ये आहेत. त्या सप्टेंबरात बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला. गेफेन या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या डीजीसी लेबलने अमेरिकेत पहिल्या खेपेला सुमारे ४६ हजार प्रतीच काढल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमने मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला हटवून बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रियता-यादीत पहिला क्रमांक घेतला. कोबेन ज्या पंक वर्तुळातून आला, तिथे मोठ्या कंपनीशी करार करणं म्हणजेच बाटणं. त्यात कोट्यधीश होणं! ‘नेव्हरमाइंड’ जरा जास्तच गुळगुळीत झाला, असं तो पुढे बोलून दाखवू लागला. शिवाय खासगी आयुष्य छापून येऊ लागलं होतं. ‘युनिट शिफ्टर’च्या आधीच्या नावात ‘मीडिया ब्लॅकआउट’ (माध्यमबंदी) हे शब्द होते ते उगाच नव्हे.

फेब्रुवारी १९९३ मध्ये बँड मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत गेला, तोही ‘सायमन रिची ग्रुप’ या खोट्या नावाने. ध्वनिमुद्रणाला स्टीव्ह अल्बिनी. त्याने रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, नाकारली. प्लंबरसारखे कामाचे पैसे द्या, एवढंच त्याचं म्हणणं. ‘युनिट शिफ्टर’ ज्यात आहे तो ‘इन युटेरो’ हा अल्बम दोनेक आठवड्यांत तयार झाला.

मग कुरबुर सुरू झाली. कंपनीला अल्बम पसंत नसल्याच्या बातम्या एप्रिलमध्ये आल्या. पण सगळा दोष कंपनीच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण गायन आणि बेस नीट ऐकू येत नाहीत ही तक्रार खुद्द बँडचीही होती. अखेर ‘हार्ट-शेप्ड बॉक्स’ आणि ‘ऑल अपॉलॉजीज’ ही दोन गाणी निर्माता स्कॉट लिटने नव्याने मिक्स केली, म्हणजे त्यांतल्या आवाजांचा मेळ पुन्हा बसवला. दोन्ही रेडिओवर गाजली. ‘युनिट शिफ्टर’चं मिक्स अल्बिनीचंच राहिलं.

सप्टेंबरात आलेला अल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. ‘युनिट शिफ्टर’ सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्रपणे, कधीच निघालं नाही. पण त्यानंतरच्या दौऱ्यात बँड अनेक मैफली याच गाण्याने सुरू करायचा.